दोनशे अंशांवरचा पहारा

ज्याच्या मुखी अर्पिलेले हविर्द्रव्य देवांपर्यंत पोहोचते आणि ज्याच्या स्वाधीन केलेला देह पंचमहाभूतांत परततो, त्या अग्निनारायणाला आरंभी वंदन करतो. गणरायाला आणि ग्रामदैवताला नमस्कार असो. माझी सून कै. सौ. वसुधा हिचे दुसरे मासिक श्राद्ध काल यथासांग पार पडले. संस्थानाच्या वार्षिक अंकासाठी तिच्याविषयी चार शब्द लिहावेत, अशी विश्वस्तांची इच्छा आहे. तिचे शिक्षण, पदव्या, नोकरी यांविषयी ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लिहावे. मला तिच्याशीच बोलायचे आहे, म्हणून हा लेख तिलाच उद्देशून लिहितो.

वसुधा, श्राद्धाचे ब्राह्मण जेवून गेल्यावर अन्नछत्रात स्वयंपाक करणाऱ्या कौसाबाई परसात आल्या आणि तुझ्या भट्टीवरचा फडका काढून त्यांनी ती पुसली. आता तिच्यात काहीही तापत नाही; तरीही पुसली. मी ओसरीवरून पाहत होतो. संस्थानाच्या स्वयंपाकघरात कढया घासताना ज्या ठामपणाने त्यांचा हात चालतो, तसाच तो चालत होता. त्या क्षणी मला वाटले की तुझ्या शेवटच्या कामाची हकीकत कुणीतरी नीट क्रमाने सांगून ठेवली पाहिजे. ती अर्धवट ऐकून गावात निरनिराळे बोलले जाते.

आरंभ भाद्रपदात झाला. आपल्या संस्थानाच्या अन्नछत्रात दुपारचा स्वयंपाक सूर्याच्या आरशांवर होतो, पण रात्रीच्या पंगतीसाठी लाकूड जाळावे लागते. दुपारची उष्णता एका टाकीत साठवून संध्याकाळी वापरावी, अशी योजना समितीपुढे आली. त्यासाठी एक नवा द्रव घेऊन एक गृहस्थ सभामंडपात आले. त्यांनी वाटीभर द्रव ज्योतीवर धरून दाखवला. तो पेटला नाही, त्याची वाफ झाली नाही, त्याला वास आला नाही. साडेतीनशे अंशांपर्यंत याला काही होत नाही, असे त्यांच्या पत्रकात छापलेले होते आणि आपल्याला तर दोनशेच अंश हवे होते. समितीचे अध्यक्ष दिगंबरराव प्रसन्न झाले. खरे सांगायचे तर मीही झालो. जो अग्नीत जाऊन जसाच्या तसा बाहेर येतो, तो शुद्ध. सुवर्णाची परीक्षा आपण अशीच करतो. मी तसे सभेत बोलूनही दाखवले.

तू मागे बायकांत बसली होतीस. रसायनशास्त्राची प्राध्यापिका म्हणून तुला बोलावले होते, पण तुला कोणी काही विचारले नव्हते. तू उठून त्या गृहस्थांना एकच प्रश्न केलास.

"किती वेळ धरून पाह्यलं?"

ते म्हणाले, यंत्रात तापवून पाहिले आहे. तू पुन्हा तेच विचारलेस. त्यांना प्रश्न कळला नाही आणि आम्हालाही कळला नाही.

हा तुझा प्रश्न घरात सर्वांच्या ओळखीचा होता. नवा मिक्सर आणला की तू तो विचारायचीस. कुणाच्या मुलाची सोयरीक जमली की विचारायचीस. निवडणुकीत कुणी आश्वासन दिले की दूरचित्रवाणीकडे पाहून विचारायचीस. श्रीधर तुला चिडवायचा की लग्नाआधी आपल्यालाही किती वेळ धरून पाहिले होते कोण जाणे. तू म्हणायचीस, "अजून धरूनच राह्यली, निकाल यायचा हाये." मोताळ्यात येऊन इतकी वर्षे झाली, महाविद्यालयात शिकवलेस, परिषदांतून निबंध वाचलेस, पण माहेरची, धामणगाव बढ्याची बोली तू घरात कधी सोडली नाहीस. माझ्यासमोर मात्र ती बोली जरा पदर सावरून यायची.

त्या दिवशी घरी आल्यावर मी तुला विचारले की तुझी शंका नेमकी काय आहे. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तूर निवडत बसली होतीस. आधी तू मला तो द्रव म्हणजे काय हे सांगितलेस. तो क्षार आहे, मिठासारखाच; धन आणि ऋण अशा दोन कणांच्या जोड्यांचा. मिठातले कण एकसारखे, म्हणून ते कडब्याच्या पेंढ्यांसारखे नीट रचले जातात आणि त्याचा खडा होतो. या क्षारातला धन कण मोठा, वाकडातिकडा, मागे लांब शेपटी असलेला. बोराटीच्या फांद्या कितीही दाबल्या तरी त्यांची गंजी लागत नाही; तसा हा क्षार रचला जात नाही, म्हणून वाहत राहतो. आयनिक द्रव असे त्याला म्हणतात. हे मला एका बैठकीत समजले. उदाहरण तुझ्या माहेरच्या शेतातले होते, हेही त्याचे कारण असावे.

मग तू पत्रकातल्या आकड्यावर आलीस. चिमूटभर द्रव यंत्रातल्या तराजूवर ठेवतात आणि दर मिनिटाला दहा अंश या वेगाने तापवत नेतात. वजन घटू लागले की तो अंश लिहून ठेवतात. पण द्रव तुटायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात यंत्र पुढे धावत गेलेले असते. म्हणून छापलेला आकडा नेहमी चढा निघतो.

"मामाजी, विस्तवावरून धावत गेलं तं पाय भाजत नाही. त्याच विस्तवावर उभं राहून पहा. आपल्या टाकीत तं त्याले उभंच राहाचं हाये, रोज, वर्षानुवर्षं."

मी म्हणालो की अग्निपरीक्षा ही अग्निपरीक्षाच असते. तिला कालमर्यादा शास्त्राने घातलेली नाही. तू तुरीतला खडा काढून बाजूला ठेवलास आणि शांतपणे म्हणालीस, "अग्निपरीक्षा थोड्या वेळाची राहते, मामाजी. संसार दोनशे अंशांवर चालते."

हे वाक्य मला त्या वेळी रुचले नाही. त्यात मला थोडी अवहेलना दिसली. मी पोथी घेऊन ओसरीवर गेलो. हा आपला पहिला अपुरा राहिलेला वाद.

दुसरा वाद त्यानंतर लवकरच झाला. मी विचारले होते की उष्णता त्या जोडीला तोडते, तर ज्योतीने का तोडले नाही? तू म्हणालीस की उष्णता तोडत नाहीच. जोडीतला ऋण कणच धन कणाच्या शेपटीवर घाव घालतो. थंड असताना त्याच्या अंगी ते बळ नसते. ऊब मिळाली की येते. शिवाय या द्रवातल्या ऋण कणात फ्लोरीन आहे. हवेतली थोडीशी ओल मिळाली तरी त्याचे असे आम्ल होते की ते काचेलाही खाते. ते बारीक वाफेने बाहेर आले आणि कढईशी उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांत, छातीत गेले तर काय, हा तुझा खरा प्रश्न होता. टाकी ओट्याखालीच बसणार होती आणि त्या ओट्याशी कौसाबाई आणि त्यांच्या सोबतिणी सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या असतात.

मी मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकलो. पाणी तापले की वाफ होऊन जाते; ती वाफ निवली की पुन्हा पाणीच मिळते. म्हणजे पाणी अखंड जाते. तुझा हा द्रव मात्र वाफ होत नाही. तो जातो तो तुटूनच जातो. मग जे जाते ते कोण आणि जे होते ते कुठे गेले? तू हसलीस. "ते मंग तुमच्या खात्यातलं," म्हणालीस आणि उठून कुकरची शिट्टी मोजायला गेलीस. मी उत्तर तयार करून ठेवले होते. तू परत आलीस तोवर श्रीधर शाळेत शिकवून आला होता आणि विषय राहून गेला.

समितीपुढे तू सांगितलेस की हा द्रव दोनशे अंशांवर पौर्णिमा ते पौर्णिमा धरून ठेवू द्या, मग मी होय की नाही ते सांगते. दिगंबररावांना घाई होती. देणगीदार तयार होता आणि शिवरात्रीच्या यात्रेआधी टाकी बसावी अशी त्यांची इच्छा होती. ते मोठे शेतकरी, मनाने उदार, पण थांबणे त्यांच्या प्रकृतीत नाही. ते मला म्हणाले, "गुरुजी, तुमची सून द्रवाची पत्रिका पाहून राह्यली का? मुहूर्त निघाला, मांडव पडला, आता काय पाहाचं?" तू पलीकडून उत्तर दिलेस, "पत्रिका जुळली, काका. नवरदेव मांडवात किती वेळ उभा राहते तेवढं पाहू द्या." सभा हसली आणि त्या हसण्यात तुला मुदत मिळाली.

महाविद्यालयाची प्रयोगशाळा सुट्टीच्या दिवशी बंद असते आणि तिथली वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. म्हणून रीतसर परवानगी घेऊन तू जुनी छोटी भट्टी घरी आणलीस आणि परसातल्या पडवीत मांडलीस. तिची नळी चुन्याच्या निवळीतून फिरवून कौलांच्या वर काढलीस. वीज गेली की घरातला इन्व्हर्टर तिला जोडायचा आणि तेवढा वेळ घरातले पंखे-दिवे बंद ठेवायचे, असा नियम केलास. पण वीज गेल्याचे कळायला कुणीतरी जागेवर हवे. तेव्हा तुला जी युक्ती सुचली ती इतर कुठल्या प्रयोगशाळेत सुचली नसती. आपल्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. गावकरी पाळीपाळीने पहारा देतात आणि उभ्या उभ्या ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तू म्हणालीस, या भट्टीला तसेच पहारे लावू. तूच माझ्याकडे येऊन म्हणालीस की रीतसर संकल्प करवून घ्या, म्हणजे मधेच कुणी कंटाळणार नाही.

मला वाटले तू थट्टा करतेस. पण तू स्नान करून आली होतीस आणि हातात पळी-पंचपात्र होते. पौष पौर्णिमेला पडवीत बसून आपण संकल्प केला. अन्नछत्रातील अन्नपूर्णांच्या रक्षणार्थ, असे मी संस्कृतात म्हटले. तू त्याचा अर्थ विचारलास आणि तो ऐकून मान डोलावलीस. मग भट्टीत दोन बाटल्या ठेवल्यास. एकीत तो द्रव होता. दुसरी रिकामी, तसेच सैल बूच लावलेली. रिकामी कशाला, असे मी विचारले.

"ती साक्षीला. निस्त्या आगीनं काचेचं काय होते ते ती सांगन. नायी तं लोक म्हनतीन, काचच खराब होती."

पहारे ठरले. पहाटेचा माझा, कारण मी जपासाठी उठतोच. सकाळी श्रीधर, दुपारी शेजारचे कुणी ना कुणी, संध्याकाळी तू, रात्री तू आणि श्रीधर पाळीपाळीने. कौसाबाईंनी स्वतःहून दुपारची एक वेळ मागून घेतली. त्यांना तू भट्टीवरचा काटा ओळखायला शिकवलेस. त्या तिथे बसून लसूण सोलायच्या आणि काटा जरा हलला की तुला हाक मारायच्या. माझा जप त्या पडवीत जितका एकाग्र झाला तितका देवघरात क्वचितच झाला असेल. एक चिमुकला लाल दिवा, काट्याची स्थिर रेघ आणि कौलांवरून येणारा थंड वारा. एका पहाटे तू चहा घेऊन आलीस आणि माझा जप संपेपर्यंत न बोलता उभी राहिलीस. चहा निवला. तू तो परत नेलास आणि दुसरा आणलास. त्याविषयी मी तुला कधी काही म्हणालो नाही. घरातल्या माणसाला आभार म्हणायची आपल्याकडे रीत नाही आणि ती रीत बरोबरच आहे असे मी मानतो. परंतु ती गोष्ट मी पाहिली होती, हे तुला कळायला हवे होते.

पौषाचा वद्य पक्ष संपत आला होता. एका सकाळी तू महाविद्यालयात गेलीस आणि प्राध्यापकांच्या खोलीत खुर्चीवर बसल्या-बसल्या गेलीस. मेंदूतली शीर, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याहून अधिक मी येथे लिहीत नाही.

तुला घरी आणायच्या आधीच अंगण माणसांनी भरले. आपल्याकडे मृत्यू झालेल्या घरात चूल पेटत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. शेजारच्या बायकांनी आमच्या स्वयंपाकघरातला गॅस बंद केला, देवघराचे दार ओढून घेतले. तेवढ्यात कुणाचे तरी लक्ष पडवीतल्या लाल दिव्याकडे गेले. आत आग चालू आहे, असे कुजबुजणे सुरू झाले. दिगंबरराव तुरीच्या मळणीवरून तसेच धावत आले होते. अंगावर भुसा होता आणि डोळे लाल झाले होते. ते माझ्याजवळ बसून हलक्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, घरात मयत झाली. आग तं बंद पाह्यजे. तुमाले आम्ही काय सांगावं."

त्यांच्या मनात द्रवाचा विचार नव्हता, हे मी साक्षीने सांगतो. ते रीत सांगत होते आणि रीत खरी होती. श्रीधरने माझ्याकडे पाहिले. भट्टी बंद झाली असती तर द्रव निवला असता, आजवरचा सगळा पहारा वाया गेला असता आणि पुन्हा आरंभ करायला तू नव्हतीस. मुदत संपली की समिती पत्रकातल्या आकड्यावर विसंबणार होती आणि टाकी ओट्याखाली बसणार होती. पडवीच्या दाराशी कौसाबाई पाठ लावून उभ्या होत्या. दुपार त्यांच्या पहाऱ्याची होती. त्या रडत होत्या, पण दारातून हलल्या नव्हत्या.

"गुरुजी, तुमी बंद करा म्हनान तं करतो," त्या म्हणाल्या. "पन त्या बाईनं मले सांगतलं होतं, हे तुमच्यासाठी हाये म्हून. मी कोनाचं आयकू?"

आयुष्यभर लोक मला विचारत आले की हे करावे का, ते वर्ज्य आहे का, आणि मी ग्रंथ पाहून सांगत आलो. त्या दिवशी ग्रंथ उघडता येत नव्हता. जे कंठस्थ होते तेवढ्यावर निर्णय करायचा होता. शास्त्राचे मत असे आहे की ज्या कर्माचा संकल्प होऊन आरंभ झाला आहे, त्याला मध्येच आलेले सूतक अडवत नाही. न आरंभलेल्याला अडवते. कर्ता उरला नाही तर त्याचा प्रतिनिधी ते पुरे करू शकतो. आणि चूल न पेटवण्याचा नियम अन्न शिजवण्याविषयी आहे. त्या भट्टीत कुणाच्याही मुखात जाणारे काही शिजत नव्हते. ही तिन्ही कारणे मी मनाशी एकामागून एक मांडली. मग स्वतःला विचारले की हे शास्त्र आहे की सुनेच्या मायेने शोधलेली सबब आहे. उत्तर असे आले की संकल्पाचे उदक माझ्याच हातावरून सुटले होते. तेव्हा माया असो वा नसो, मी बांधलेला होतो.

मी दिगंबररावांना म्हणालो, "हा अग्नी चुलीचा नाही, संकल्पाचा आहे. तो चालू राहील. पहाऱ्यावरचे माणूस उठणार नाही."

काहींना ते पटले नाही आणि आजही पटलेले नाही. त्यांचा मला राग नाही. दिगंबरराव उठले, अंगावरचा भुसा झटकला आणि कौसाबाईंना म्हणाले, "काकू, तुमी बाईजवळ जाऊन बसा. इथं मी बसतो. काटा कोन्ता पाहाचा ते दाखवा."

तुला स्मशानात नेले तेव्हा ज्या माणसाला टाकीची सर्वांत जास्त घाई होती, तोच तुझ्या भट्टीसमोर एकटा बसला होता. अंत्ययात्रेला खांदा देता आला नाही, याची त्याला खंत आहे. मी त्याला सांगितले की त्याने तो दिलाच आहे.

पुढचे दहा दिवस देवघर मला बंद होते. पूजा नाही, देऊळ नाही, संध्या मानसिक. लहानपणापासून मला असे रिकामे दिवस सहन होत नाहीत. या वेळी मात्र पहाट झाली की जायला एक जागा होती. मी पडवीत जाऊन बसत असे. मुखाने जप करत नव्हतो. केवळ काट्याकडे पाहत असे. श्रीधरही येऊन बसू लागला. क्रियाकर्माच्या दिवसांत घोंगडीवर निजणारा तो मुलगा पहाटेच्या थंडीत त्या भट्टीच्या उबेला बसायचा आणि हळूहळू तुझ्याविषयी बोलू लागला. तुम्हा दोघांत इतके बोलणे होत असे, हे मला ठाऊक नव्हते. त्या उबेवर आम्ही बापलेक जेवढे बोललो तेवढे त्याच्या जन्मापासून बोललो नसू. तू मागे ठेवलेल्या गोष्टींत ही एक आहे आणि तिचा हिशेब मी कुठे मांडावा हे मला कळत नाही.

वीज अनेकदा गेली. दर वेळी कुणीतरी हजर होते. माघी पौर्णिमेला मी विधिपूर्वक संकल्पाची समाप्ती केली, मग श्रीधरने कळ बंद केली. तू बजावून ठेवले होतेस की बाटली घरात कुणी उघडायची नाही. म्हणून भट्टी पूर्ण निवल्यावर तुझ्या विभागातले तुझे सहकारी हातमोजे आणि पेटी घेऊन आले आणि दोन्ही बाटल्या घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी समितीचे सर्व सदस्य, कौसाबाई आणि मी महाविद्यालयात गेलो. त्यांनी सर्व काही धुऊन, निर्धोक करून दाखवले.

ठेवला तेव्हा पाण्यासारखा असलेला द्रव काकवीसारखा काळा झाला होता. वजन घटले होते. आणि त्या बाटलीची काच द्रवाच्या वरच्या भागात आतून खरवडल्यासारखी आंधळी झाली होती. पलीकडचे बोट दिसत नव्हते. आत निघालेल्या आम्लाने ती खाल्ली होती. शेजारी साक्षीची बाटली होती. तीच आग, तोच काळ, तीच काच. पण ती स्वच्छ होती. खिडकीचा उजेड तिच्यातून आरपार जात होता.

तुझ्या सहकाऱ्यांनी प्रामाणिकपणे हेही सांगितले की पत्रकातला आकडा खोटा नाही. त्यांच्या यंत्रात तसाच येईल. सगळेच आयनिक द्रव असे नसतात आणि दुसऱ्या एखाद्या जोडीचा द्रव कदाचित टिकेलही. कौसाबाईंनी आंधळी बाटली खूप वेळ न्याहाळली. मग त्या दिगंबररावांना म्हणाल्या, "भाऊ, ही काच म्हंजे माहे डोये होते." दिगंबररावांनी तिथेच सांगितले की तो द्रव येणार नाही. यात्रेच्या पंगती लाकडावरच झाल्या. धूर झाला, बायकांना त्रास झाला, ही अडचण उरलीच आहे. तुझे काम तेवढे बाकी आहे आणि ते कुणीतरी घ्यावे, अशी या अंकाच्या वाचकांना माझी विनंती आहे.

आता आपल्या वादांविषयी. पहिला मी सोडतो, वसुधा. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत औषधी तेल मंद आचेवरच सिद्ध करावे असे सांगितले आहे. तीव्र ज्वाळेवर ते लवकर सिद्ध झाल्यासारखे दिसते, पण दिसते तसे ते नसते. हे मी माझ्याकडे संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना कित्येक वर्षे शिकवले. तू उंबऱ्यावर बसून तेच सांगत होतीस आणि मला ते परके वाटले. संसार दोनशे अंशांवर चालतो, हे तुझे वाक्य मला आता अवहेलनेचे वाटत नाही. ते एका गृहिणीचे मोजमाप होते.

दुसरा वाद मात्र मी सोडणार नाही. तू कुकरकडे गेलीस तेव्हा जे उत्तर मी राखून ठेवले होते, ते आज देतो. जे जोडून बनलेले आहे ते तुटते. देह तुटतो, द्रव तुटतो, आणि तोडणारा बहुधा जोडीतलाच असतो, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. पण जे जोडून बनलेलेच नाही त्याला तुटायला सांधा नाही. ते त्याच आगीत असते, तेवढाच काळ असते आणि स्वच्छ राहते. दोन बाटल्यांपैकी दुसरी, साक्षीची, तूच आपल्या हाताने भट्टीत ठेवली होतीस.

तू यावर काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. तुरीतला खडा बाजूला ठेवून, मान वर न करता, पदर सावरून तू विचारले असतेस की मामाजी, किती वेळ धरून पाह्यलं?

अजून धरूनच आहे, बाळ. पहाटेच्या पहाऱ्याला मी अजूनही पडवीत जाऊन बसतो.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरात अग्नी सौम्य असो, चुलीशी उभ्या असणाऱ्या हातांना आणि डोळ्यांना तो कधी बाधा न करो. घरातल्या जोड्या एकमेकांना जपून राहोत, दीर्घकाळ राहोत. पहाटे जो जागा आहे त्याला कुणीतरी ऊन चहा आणून देवो. आणि तो निवला, तर दुसरा आणून देवो. शुभं भवतु.